घोडीचा खालचा जबडा मोडलाय, पुढचे दात लोंबकळतायत: उपटायचे की तारेने बांधायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेडण्याकडची पावणेदोन वर्षांची मारवाडी घोडी, चवथीच्या रात्री गेटच्या कडीशी चाळा करत होती, खालचे दात कडीत अडकले आणि नेमका तेव्हाच कुठेतरी फटाक्यांची माळ लागली, ती दचकून मागे सरली. सकाळी बघतात तर डावीकडचे खालचे तीन दात हिरडीसकट पुढे आणि खाली वळलेले, तोंडातून लाल लाळ, दाणा हुंगते पण घेत नाही. शेजारी म्हणतो दात उपटून मोकळे व्हा, सईस म्हणतो घोडी गेली आता, कुणी म्हणतं गाडीत घालून पुण्याला न्या. ऑपरेशन करायचं का, गोव्यात होईल का, घोडी परत नीट खाईल का?

शेवटचं आधी सांगतो, खाईल. तुम्ही वर्णन केलंय तशा केसेस बहुतेक चांगल्या होतात, त्यामुळे घरात सुतक पाळायचं बंद करा. काय झालंय ना भाऊ, घोड्याचं हाड मोडलं की घोडा संपला हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय आणि पायाच्या बाबतीत ते बरंच खरंही आहे, कारण चारशे किलोचं जनावर, त्याला आडवं ठेवता येत नाही, तीन पायांवर किती दिवस उभं राहणार, चांगल्या पायाचीही वाट लागते. पण जबड्यावर घोडा उभा राहत नाही. जबड्यावर फक्त चावायचा जोर येतो आणि तोंडाला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की तिथे माती, शेण, दाणा, लाळ सगळं असूनसुद्धा हाड जुळतं. पायाच्या हाडात एवढी घाण गेली असती तर मीसुद्धा हात जोडले असते. तेव्हा सईसाला सांगा, जबडा आणि पाय एका मापाने मोजू नको.

माझ्याबद्दल एवढंच, गेली सव्वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, मूळचा डिचोलीचा. आमच्याकडे घोडे म्हणजे शिगम्यातली घोडेमोडणी, लाकडी-बांबूचे घोडे कमरेला बांधून नाचतात ते, त्यांचा जबडा मोडला तर सुताराला बोलवायचं. खरे घोडे गोव्यात कमीच, रायडिंग शिकवणाऱ्यांकडचे, हौसेने पाळलेले, रेसमधून रिटायर होऊन आलेले थरोब्रेड, पण जेवढे आहेत त्यांच्या तोंडात माझे हात बऱ्याचदा गेलेत आणि त्यातले निम्मे अपघात अशाच कडी, बादलीचं हँडल, पत्र्याची कड यांचे. तरण्या घोड्यांना सगळं तोंडाने चाचपून बघायची खोड असते, लहान पोरांसारखी.

आता आज काय करायचं ते. पहिलं म्हणजे हातात ग्लोव्हज घाला. लाळ गळतेय, खात नाही, जबडा लोंबतोय हे चित्र रेबीजमधेही दिसतं, तुमच्या घोडीचे दात डोळ्यांसमोर वळलेले आहेत म्हणजे कारण उघड आहे, गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाने रेबीज खूप कमीही झालाय, तरी उघड्या बोटांनी घोड्याच्या लाळेत हात घालायची सवय मला चालत नाही. दुसरं, ते लोंबणारे दात ओढू नका, कापू नका, हलवून बघू नका. जी हिरडीची पट्टी अजून धरून आहे तिच्यातूनच त्या तुकड्याला रक्त मिळतंय, ती तुटली की माझ्या हातात काही राहत नाही. बिट, म्हणजे लगामाची तोंडात बसणारी दांडी, अजिबात घालायचं नाही. हॉल्टर, म्होरकी म्हणा, ढिली ठेवा आणि तिचा पट्टा हनुवटीच्या मोडलेल्या भागावर येत नाही ना बघा. गवताची जाळी काढून टाका, ती जाळीतून गवत ओढेल आणि प्रत्येक ओढीला तुकडा हलेल.

कोमट पाण्यात मीठ घालून, लिटरला साधारण दीड चमचा, मोठ्या सिरिंजने किंवा नळीच्या हलक्या धारेने तोंड धुवा, दिवसातून तीन-चार वेळा, अडकलेला दाणा आणि गवत निघून जाऊ दे. हळद भरू नका, तुरटी नको, आणि फेणी तर नकोच. हे मी उगाच लिहीत नाही, एकदा एका घरी पोचलो तर घोड्याच्या तोंडाला काजूच्या भट्टीसारखा वास, मालक म्हणे जंतू मरतात डॉक्टर. जंतूंचं माहीत नाही, घोडा मात्र पुढचे चार दिवस कुणाला तोंडाला हात लावू देईना.

पेनकिलरचं बोलतो कारण इथे चूक होते. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणून टोचायचं नाही, जनावरांना ते २००६ पासून बंद आहे, गिधाडं मेली त्याच्यापायी, आणि २०२३ मधे किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. घोड्याला फ्लुनिक्सिन चांगलं लागू पडतं, किलोला १.१ मिलिग्रॅम, नाहीतर मेलॉक्झिकॅम किलोला ०.६, पण ते तुमच्या डॉक्टरने वजन बघून द्यायचं. वजनकाटा नसणार, तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमधे मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, ११,८७७ ने भागा, किलो मिळतात. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर २६५ किलो. हे मोठ्या घोड्यांचं गणित आहे, दीड-दोन वर्षांच्या जनावरात थोडं इकडेतिकडे होतं, पण डोळ्याने अंदाज करण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि धनुर्वात. हे विसरू नका, बाकी काही विसरलात तर चालेल. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं जनावर नाही, तोंडात उघडी जखम आणि खाली तबेल्याची माती-शेण. टिटॅनस टॉक्सॉइड, म्हणजे धनुर्वाताची लस, आधी वेळेवर दिलेलं असेल तर बूस्टर, आणि आठवत नसेल तर दिलेलं नाही असं धरून १५०० युनिट अँटिटॉक्सिन आणि टॉक्सॉइड दोन्ही, वेगवेगळ्या जागी.

एवढं केलंत की रात्रीच्या रात्री पळापळ करायची गरज नाही. एक-दोन दिवसांत काम झालं तरी छान जमतं, फक्त ती पाणी पिते का बघा. काही घोडे दुखतं म्हणून पाणीच सोडतात आणि मग जबडा राहतो बाजूला, पोट गच्च होऊन पोटशूळ उभा राहतो. पाणी थंडगार नको, कोमट ठेवा.

आता मोडलंय कुठे यावर सगळं ठरतं. खालच्या जबड्याचे दोन हात असतात, ते पुढे हनुवटीपाशी जुळतात, शिंगरू दोन-तीन महिन्यांचं असतानाच. पुढे सहा दात गवत पकडायला, मग लांब रिकामी जागा जिथे बिट बसतं, मग दाढा दळायला. तुमच्या घोडीचं मोडलंय ते अगदी पुढे, दातांची खाच तुकड्यासकट उचकटलीय, सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आणि सगळ्यात चांगला होणाराही. ती दाणा घेत नाही कारण तिला उचलता येत नाही आणि दुखतंय, दळायच्या दाढा तिच्या शाबूत आहेत. मात्र हे मी तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून म्हणतोय, एक्सरे काढल्याशिवाय मी तार हातात घेत नाही. पोर्टेबल मशीन लागतं, बाजूने एक, खालून एक, तिरके दोन, आणि प्लेट तोंडात सरकवून पुढच्या दातांचा एक. लाथ लागलेली असेल तर एका जागी तडा दिसतो आणि दुसरा मागे लपलेला असतो, तेव्हा जबड्याचे दोन्ही हात मागपर्यंत चाचपायचे, जीभ बघायची, वरचे दात बघायचे.

बिटाच्या रिकाम्या जागेत एकाच बाजूला मोडलं असेल आणि फारसं सरकलं नसेल तर दुसरी बाजू आपोआप फळीचं काम करते, तिथे कधी कधी फक्त मऊ खाणं आणि वेळ पुरतो. मागे गालाच्या जाड स्नायूंखाली एका बाजूला तडा असेल तरी तसंच, स्नायूच धरून ठेवतात. पण दोन्ही बाजूंनी मोडून हनुवटी लोंबत असेल तर ते वेगळं, त्यावर पुढे येतो.

तार कुठे बांधायची हे समजून घ्या म्हणजे डॉक्टर काय करतोय ते कळेल. घराला छज्जा घालताना गवंडी मुख्य सळी वरच्या बाजूला का घालतो माहीत असेल तुम्हाला, खाली घातली तर छज्जा एक दिवस खाली येतो, कारण भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबवर भार पडला की वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. घोड्याचा खालचा जबडा म्हणजे तसाच छज्जा. मागे सांध्यात आणि स्नायूंत अडकलेला, पुढे मोकळा, चावताना पुढच्या टोकावर वरून दाब. म्हणजे फट उघडणार ती दातांच्या बाजूला. म्हणून दातांना धरून बांधलेली साधी तार, तोंडाच्या आतून, एवढीशी दिसणारी, खालून स्क्रू मारलेल्या जाडजूड प्लेटपेक्षा अक्कलहुशारीने काम करते. शिवाय खाली प्लेट लावायची म्हटलं तर तरण्या घोड्याच्या दातांची मुळं इतकी खोल असतात की स्क्रू नेमका मुळात जातो. ज्या डॉक्टरला माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या हाडांची सवय आहे तो प्लेटचा विचार आधी करतो, त्याचा राग नको, पण हे विचारा.

तुमच्या घोडीचं काम उभ्या उभ्या होण्यासारखं आहे आणि मी तरी तसंच करीन. घोड्याला पूर्ण भूल म्हणजे शंभरात एखादा दगावतो असा साधारण हिशोब आहे, निरोगी घोड्यातसुद्धा, उठताना पडतात, पाय मोडतात, आणि इथे गादी लावलेली रिकव्हरी रूम कुठून आणणार. शायलाझिन आणि ब्युटॉर्फेनॉल ही गुंगीची औषधं दिली की मान खाली घालून उभी राहते, अर्ध्या तासाने थोडं वाढवावं लागतं. मग नर्व्ह ब्लॉक, म्हणजे दातांची नस बधिर करणं. बिटाच्या जागेवर बाहेरून ओठाच्या स्नायूखाली हाडात एक भोक बोटाला लागतं, तिथून ती नस बाहेर येते, त्या भोकात सुई आत सरकवून पाचेक मिली लिग्नोकेन, दोन्ही बाजूंना, की पुढचे सगळे दात आणि ओठ बधिर. सुई आत जाताना घोडं झटका देतं, तेव्हा डोकं धरणारा माणूस समजदार हवा, मोबाईलवर शूटिंग करणारा भाचा नको.

मग धुवायचं, खूप धुवायचं. मिठाचं पाणी, चिमट्याने गवताचे तुकडे, काळं पडलेलं रक्त, सुटे हाडाचे कण काढायचे, पण ज्या हाडाला अजून मांस चिकटलंय ते ठेवायचं. हिरडीखाली अडकलेली गवताची एक काडी राहिली तर महिन्याने तिथून पू येतो, म्हणून या टप्प्याला मी तासभर घालवतो आणि मालक कंटाळतो. तुकडा अंगठ्याने दाबून जागेवर बसवला की बहुतेक खट्कन बसतो, वरचे-खालचे दात जुळतात का बघायचं.

तार म्हणजे हाडांच्या ऑपरेशनची स्टेनलेस स्टीलची, एक ते सव्वा मिलिमीटर जाड. बांधकामाची बाइंडिंग वायर नाही, हसू नका, मी ती एका घोड्याच्या तोंडात बघितलीय, गंजून दोन ठिकाणी तुटलेली. दोन दातांच्या मधे हिरडीलगत दोन मिलीच्या ड्रिलने भोक, तरण्या घोडीत कधी कधी १४ नंबरची जाड सुईच फिरवत आत जाते, मग सुईच्या पोकळीतून तार ओवायची आणि सुई मागे काढून घ्यायची. मोडलेल्या तिघांना मधल्या आणि उजवीकडच्या शाबूत दातांशी बांधायचं, कमीत कमी दोन चांगले दात तरी धरायला हवेत, तुमच्याकडे तीन आहेत हे नशीब. पीळ घालताना तार ओढून धरत पीळ घालायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांभोवती सारखी फिरली पाहिजेत, एक सरळ राहून दुसरं तिच्याभोवती गुंडाळलं गेलं तर तो पीळ सुटणारच. तीन-चार वेढे ठेवून कापायचं आणि टोक दाताशी चपटं दुमडायचं, नाहीतर ओठ रोज कापला जाईल. वर थोडं डेंटल ॲक्रेलिक, दातांचे डॉक्टर कवळीला वापरतात ते, लावलं की टोकंही झाकतात आणि सगळे दात एका पट्टीत येतात. ते घट्ट होताना तापतं, हिरडी भाजू शकते, म्हणून वरून थंड पाणी सोडत राहायचं.

आता एक अडचण. घोड्याला, म्हणजे नराला, सुळे असतात आणि गरज पडली तर तार मागे सुळ्याला अडकवता येते. मादीला बहुधा सुळे नसतात, आणि पावणेदोन वर्षांत तर नरालाही आलेले नसतात, ते चार-पाच वर्षांचं काम. म्हणून तुकडा फार हलत असेल तर डावीकडून एक तार थेट पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मधे न्यावी लागते, त्यासाठी गालावर एक सेंटिमीटरची चीर देऊन ड्रिल आत घालायचं, चेहऱ्याची नस सांभाळून. आणि त्या वयात पहिली दाढ दुधाची असते, अडीचच्या आसपास पडते, तेव्हा आधी बोटाने हलवून बघायचं, हलणाऱ्या खुंट्याला होडी कोण बांधतो. पर्याय म्हणून बिटाच्या रिकाम्या जागेच्या हाडात एक स्क्रू घालून त्यालाही तार अडकवतात.

दात उपटायच्या सल्ल्यावर बोलायचं राहिलं. हा सल्ला मीही दिलाय आणि अमलातही आणलाय, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. फोंड्याकडचं एक शिंगरू, चार दात असेच उचकटलेले, मला वाटलं हलणारे दात कशाला ठेवायचे, काढले, जखम महिन्याभरात सुरेख भरली, मालक खूश, मी खूश. दोन वर्षांनी तो घोडा परत बघितला तर जीभ एका बाजूने बाहेर, खालचा ओठ लोंबलेला, आखूड गवत चरता येत नाही, वरचे दात समोर घासायला कुणी नाही म्हणून लांब वाढलेले, घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिली बाहेर येत राहतात ना, ते दर सहा महिन्यांनी कापत बसायचं. तेव्हापासून नियम केला, दात हलतोय हे काढायचं कारण नाही. बांधून टाका, सहा आठवड्यांनी बघू. निम्मे मेल्यासारखे वाटणारे दात घट्ट होतात, आणि जो खरंच मेला तो तेव्हाही काढता येतोच, मधल्या काळात त्याने खुंटीचं काम तरी केलेलं असतं.

दोन्ही बाजूंनी मोडलेला जबडा किंवा दाढांच्या भागातला चुरा, तो मात्र गोठ्यातलं काम नाही. तिथे तारेबरोबर ॲक्रेलिकचा जाड पट्टा किंवा तोंडाच्या आत यू आकाराची धातूची पट्टी लागते, किंवा बाहेरून पिना, म्हणजे जबड्यातून आडव्या जाड पिना घालून बाहेर त्यांना दांड्यांनी जोडायचं, आणि काही केसमधे खरंच प्लेट. त्यासाठी घोड्याला नाकातून नळी घालून पूर्ण भूल देतात म्हणजे तोंड कामाला मोकळं राहतं. असं असेल तर मुंबईला परळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुणे-बंगळूरूला रेसच्या घोड्यांवर काम करणारे सर्जन आहेत, आधी एक्सरे पाठवून बोलून मग गाडी काढा. तुमच्या घोडीला साडेचारशे-पाचशे किलोमीटर नेणं मला अनाठायी वाटतं, चोर्ला घाटाच्या वळणांवर तोल सांभाळताना ती हनुवटी कुठे ना कुठे आपटणार. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, जो डॉक्टर येईल त्याला शांतपणे काम करायला दिवस द्या, वाटलं तर त्याला माझ्यासारख्या कुणाशी फोनवर बोलू द्या, यात कमीपणा नाही.

खर्चाचं, आकडा मी सांगत नाही कारण डॉक्टरागणिक बदलतो. तारेला काहीच लागत नाही, पैसे जातात एक्सरेला, औषधांना आणि डॉक्टरच्या परत परत येण्याला. हेच कुणी पूर्ण भूल आणि प्लेटवर नेलं तर हिशोब कितीतरी पटींनी वाढतो.

आता खरं काम, जे तुमचं आणि सईसाचं. माझी तार पहिल्या दिवशी कधी सुटत नाही, तिसऱ्या आठवड्यात सुटते, जेव्हा घोडी बरी दिसायला लागते आणि कुणीतरी प्रेमाने अख्खं गाजर देतं. एका रायडिंगवाल्यांकडे सुंदर बसलेला जबडा अठराव्या दिवशी परत उघडला, का तर नवीन पोऱ्याने सवयीने गवताची जाळी टांगली. तेव्हा तबेल्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. जाळी नाही, गाजर नाही, ऊस नाही, चरायला सोडायचं नाही, दाव्याला दात लावू द्यायचे नाहीत. तोबरा चालेल का असं विचारतात, चालतो पण ओला दाणा त्यात तोंडाशी आंबतो, मला रुंद उथळ घमेलं आवडतं, रबराचं, ज्याला कड आणि हँडल नाही.

खायला, हिरवं गवत दोन बोटं लांबीचं कापून, म्हणजे तिला पकडायला नको, ओठांनी उचलून मागे ढकलते आणि दाढांनी दळते. भिजवलेला चणा थोडा ठेचून, गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात पातळ कालवून वर मीठ. पण नुसत्या कोंड्यावर दोन महिने काढू नका, कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी, वाढत्या जनावराची हाडं पोकळ होतात आणि आपण तर हाड जुळवायला बसलोय. लसूणघास मिळाला तर उत्तम, घाटावरून येतो, कुट्टी करून द्या. दीड दिवस उलटूनही काहीच पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालून पातळ खाणं द्यावं लागतं, ते डॉक्टरच करेल, तुम्ही बाटलीने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं.

तोंड रोज दोनदा धुवायचं, खाणं झाल्यावर, आधी नाही. मिठाचं पाणी पुरतं, क्लोरहेक्झिडिन असेल तर अगदी पातळ करून. सध्या पावसाळा सरलेला नाही, माशा भरपूर, गालावर चीर असेल तर तिच्यात अळ्या पडायला एक दुपार पुरते, म्हणून संध्याकाळी टॉर्च घेऊन ओठाच्या आत आणि हनुवटीखाली बघायचं. अँटिबायोटिक पाचेक दिवस, पेनिसिलिन बहुधा, बरोबर जेंटामायसिन दिलं तर ती व्यवस्थित पाणी पितेय याची खात्री करून, पाणी न पिणाऱ्या घोड्याला जेंटामायसिन आणि पेनकिलर एकत्र म्हणजे किडनीची वाट. ताप सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा, ३८.५ सेल्सियसच्या वर गेला की फोन.

वास येईल. पहिले दहा दिवस थोडा येतोच, घाबरू नका. नंतर परत कुजका वास यायला लागला, हनुवटीखाली गाठ आली, भोक पडून पू आला तर हाडाचा मेलेला तुकडा आत राहिलाय किंवा दाताचं मूळ सडलंय, तेव्हा परत एक्सरे. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स मारत बसणारे भेटतील, त्याने पू थांबतो आणि औषध संपलं की परत सुरू होतो, तुकडा काढल्याशिवाय सुटका नाही. तार सैल झाली तर बऱ्याचदा पीळ आणखी एक वेढा आवळून भागतं, तुटली तर बदलायची, त्यात अपयश वगैरे काही नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

सहा ते आठ आठवड्यांनी एक्सरे बघून तार काढायची, परत तेच शायलाझिन, कटरने कापून ओढून घ्यायची, रक्ताचे चार थेंब. हाड एक्सरेत अजून पूर्ण भरलेलं दिसणार नाही पण हाताला घट्ट लागलं तर काढतो मी. त्यानंतरही महिनाभर गवत कापूनच द्या. बिट घालायचा प्रश्नच नाही, पावणेदोन वर्षांच्या घोडीला तसाही कुणी घालू नये, पुढे घालाल तेव्हा आधी रिकाम्या जागेवरची हाडाची धार हाताने बघून घ्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे नंतर माझ्यावर नाव नको. मोडलेले तिन्ही दात दुधाचे आहेत, खाली पक्क्या दातांचे कोंब आहेत आणि ओढीत त्यांनाही धक्का बसलेला असू शकतो, ते आज एक्सरेत नीट कळत नाही. मधले दोन अडीचच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. त्या त्या वेळी दात वाकडा आला, उशिरा आला किंवा आलाच नाही असं होऊ शकतं. वाकडा आला तर वर्षातून एकदा-दोनदा घासून जुळवता येतो, घोडी त्यावर आयुष्य काढते, चरते, पळते, शिंगरं देते.

आणि गेटची ती कडी आजच्या आज काढून तिथे आत सरकणारी सपाट खिट्टी बसवा, बादल्यांची हँडलंही काढून टाका. दुसरा घोडा आहे म्हणालात ना तुमच्याकडे, तोही त्याच गेटपाशी उभा असतो.